समोरचा चिडतच नसेल तर?

गोव्यात रागावणं हे फार एकाकी काम आहे. मुंबईत लोकल उशिरा आली की फलाटावरचा एक जण करवादतो, मग शेजारचे दोघे, मग सगळा फलाट. गाडी येईपर्यंत निम्म्यांचा राग बोलूनच उतरलेला असतो. आमच्याकडे तुम्ही एकटेच लाल होता आणि बाकीचे तुमच्याकडे काळजीनं बघतात, याला ऊन तर लागलं नाही ना?

तरीही आमच्या ऑफिसनं 'भावनिक बुद्धिमत्ता' या विषयावर कार्यशाळा ठेवली. पणजीच्या हॉटेलातलं गारेगार सभागृह, टेबलावर काजूची बशी, मधल्या सुट्टीत चहा आणि कटलेट. अशा ठिकाणी माझी भावनिक बुद्धिमत्ता मुळातच उत्तम असते. प्रशिक्षक बाई मुंबईहून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली ही कल्पना मांडली आणि पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांनी ती घरोघरी पोचवली. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोक्याचा वास आला की विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आत तो घंटा बडवतो. समोर वाघ आहे की न आलेला प्लंबर, ही चौकशी तो करत बसत नाही. यावर उपाय म्हणजे भावनेला नाव द्यायचं. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली मेंदूची छायाचित्रं घेऊन दाखवलं, की रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा बघताना त्या भावनेला शब्द दिला, तर अमिग्डालाची धावपळ कमी होते. शिवाय श्वास सावकाश सोडायचा, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावतात. आणि समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं.

"समोरचा भडकलेला असतो तेव्हा याचा खरा कस लागतो," बाई म्हणाल्या.

मी हात वर केला. समोरचा भडकतच नसेल तर?

बाई नुसत्या हसल्या. त्यांना संध्याकाळचं विमान गाठायचं होतं.

प्रयोगाला माझ्याकडे न्हाणीघरातला नळ होता. तो ठिबकण्याच्या पुढे जाऊन आता गाऊ लागला होता. आमचा प्लंबर कामाला चोख. आला की चहा निवायच्या आत काम संपवतो. प्रश्न फक्त 'आला की' एवढाच. फोन केला की तो अत्यंत आनंदानं म्हणतो, "येतां, येतां! फाल्यां सकाळीं येतां." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आनंद. दुपारी एक ते चार फोन उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वेळात आमच्या वाड्यावरची सगळी शटरं खाली असतात आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या पापण्याही.

चार वाजले. मी खुर्चीत ताठ बसून भावनेला नाव देऊ लागलो. हा राग नाही. रागाच्या खाली अपमान आहे. अपमानाच्या खाली भीती आहे, बेडरूमच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या ओलीची. बरं वाटलं. मग फोन लावला आणि तो बोलायच्या आत एक लांब श्वास घेतला. तितक्याच सावकाश सोडला.

"दादा, तुका बरें ना?" पलीकडून काळजीचा आवाज.

"ना ना, हांव बरो आसां. नळ..."

"दम लागला तुका. आलें घालून कसाय पी. पावसाचे दीस, सांबाळ."

मग त्याच्या सासऱ्याला असाच दम कसा लागायचा, पेडण्याच्या वैद्याचं औषध कसं लागू पडलं, आता म्हातारा माडावर चढायची भाषा कशी करतो, हे सगळं झालं. वैद्याचा नंबरही आला. माणूस इतक्या मायेनं बोलला, की नळाचा विषय काढणं मलाच कोतं वाटू लागलं. फोन ठेवताना मीच म्हणालो, "सवडीन यो."

बायको दारात उभी होती. "काय म्हणाला?"

"कसाय घे म्हणाला."

तिनं न बोलता नळाखालची बादली काढून मोठी ठेवली. प्लंबरच्या शांतपणाला मी तोंड देऊ शकतो. हिच्या शांतपणावर कार्यशाळेत काही सांगितलेलं नाही.

बसचं प्रकरण वेगळं. म्हापसा ते पणजी अंतर साधारण 13 किलोमीटर, पण पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून ते कुणी किलोमीटरमध्ये मोजत नाही. मिनीबस गच्च भरलेली, आणि कंडक्टर सांगतोय, "फाटीं वच, फाटीं जागो आसा." मागे एक शाळकरी मुलगा, त्याचं दप्तर, एक फणस आणि फणसाची मालकीण एवढं होतं. जागा नव्हती. तेव्हा मी कंडक्टरच्या जागी उभं राहून बघायचं ठरवलं. बसमध्ये तेवढीच एक मोकळी जागा असते आणि तीही कुणी देत नाही.

इतक्यात समोरून दुसरी बस आली. दोन्ही ड्रायव्हरांनी खिडकीला खिडकी लावली आणि कालच्या फुटबॉल सामन्याचा निकाल लावायला घेतला. प्रवासी ऐकत होते. एकानं तर गोलरक्षकाची बाजूही मांडली. मागून एकच हॉर्न पुन्हा पुन्हा वाजत होता. वाकून पाहिलं, तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे. भाड्याच्या गाडीतले पाहुणे. सबंध बारदेश तालुक्यात त्या घटकेला माझं दुःख समजणारा तेवढा एकच माणूस होता, आणि मला त्याला हात करावासा वाटला.

राहता राहिला बाजार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी. माशांच्या विणीचे दिवस असतात, बंदी हवीच, हे मी घरी आलेल्या परप्रांतीय पाहुण्यांना दरवर्षी समजावून सांगतो. पण ते विचार करणारा मेंदू सांगतो. अमिग्डालाला जेवायला माशाचं हुमण लागतं.

"बांगडे कशे गो बाय?"

"पांचशांक स."

पाचशेला सहा! घंटा वाजली. एरवी असल्या दरावर मी 'सोनें विकता काय?' असं म्हणून पुढं जातो आणि पुढच्या बाईकडे तोच दर ऐकून परत येतो. या वेळी थांबलो. श्वास सोडला. भावनेला नाव दिलं आणि ते मोठ्यानं सांगून टाकलं.

"बाय, तुजो दर आयकून म्हाका खूब वायट दिसलें."

मला वाटलं, आता तरी ही चिडेल. तिनं कोयता बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"दिसतलेंच," ती म्हणाली. "सकाळीं घेतना म्हाकाय तशेंच दिसलें. आतां सांग दादा, स दिवं काय बारा?"

मी बारा घेतले.