काळी माती म्हणजे राख नव्हे

'माळव्याची काळी माती ही ज्वालामुखीची राख आहे. सेंद्रिय सत्त्व ठासून भरलंय म्हणून ती काळी. तिला खत लागत नाही. जसा खडक तशी माती.' इंदूरच्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी तुळशीला शेणखत घालणं थांबवलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी राखेचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थिजून त्याचा बेसॉल्ट, म्हणजे काळा कठीण दगड, झाला. इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्याच्या कड्यात दिसतात ते त्याचेच थर. आपली माती झाली ती या दगडातून. महूकडे रस्त्यासाठी कापलेली एखादी दरड जवळ जाऊन बघा. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे. पापुद्रा बोटांनी चुरतो, आतला गाभा हातोडीलाही दाद देत नाही. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो, भेगांत मुरतो, आणि दगडातली खनिजं हळूहळू चिकणमातीत बदलतात.

काळ्या रंगावरून सत्त्व ठरत नाही. या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. तेवढाच ह्यूमस, म्हणजे पालापाचोळा कुजून उरलेला भाग, चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतो आणि ती काळी दिसते. चुना, मॅग्नेशियम भरपूर. नत्र आणि स्फुरद मात्र कमी.

आणि खत लागत नाही हे इंदूरकरांनीच म्हणावं? ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, आज कृषी महाविद्यालय आहे त्या जागी, शेण, काडीकचरा, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थरांनी रचून, अधूनमधून उलथून, तीनेक महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आपल्या गावाचं नाव खतावर कोरलेलं आहे!

'जसा खडक तशी माती' हे अर्धंच खरं. महाबळेश्वरलाही हाच बेसॉल्ट आहे, पण तिथल्या पाच हजार मिलिमीटरच्या पावसाने चुना, सिलिका धुऊन नेली. मागे लोह, ॲल्युमिनियम उरून तांबडा जांभा झाला. इंदूरला हजाराच्या आसपास पाऊस आणि मग लांबलचक कोरडे महिने, म्हणून चुना इथेच राहिला आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. एकाच शेतात टेकाडावर पातळ मुरमाड आणि खोलगटात काळीभोर माती असते, ती उतारामुळे. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, उंचसखलपणा, काळ.

काकूंच्या कुंडीत निव्वळ काळी माती आहे. ती वाळून कडेने सुटली आहे, करंगळी जाईल एवढी फट पडली आहे. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत उतरतं आणि तुळस कोरडीच राहते. उद्या सकाळी ती माती मोकळी करून तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळायला मी जाणार आहे.