वेळा अमावास्या, गोंधळ आणि पाहुणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील ग्रामीण पर्यटनावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता की, शहरात राहून गावाने आहे तसेच राहावे असे म्हणणे हा पोट भरलेल्यांचा छंद आहे आणि दुष्काळाने पिचलेल्या माणसाच्या हाती चार पैसे पडत असतील, तर संस्कृती बदलली म्हणून कुणी गळा काढू नये. फर्दापूरचा दाखलाही आपण दिला आहे.

तो दाखला मला मान्य आहे. अजिंठ्याच्या गाड्या लेण्यांपासून चार किलोमीटर अलीकडे, फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तिथे स्फटिकांचे दगड विकणारी पोरे परदेशी पाहुण्यांशी त्यांच्याच भाषेत घासाघीस करतात, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. हुरड्याचेही तेच. शासनाचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी आगटीभोवती पाहुणे बसवून पैसे घेत होते, आणि कोवळ्या कणसाला तिथे मिळणारा भाव वाळलेल्या ज्वारीला मोंढ्यावर मिळत नाही.

माझा आक्षेप पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या वेळा अमावास्येच्या 'पॅकेज'ला होता, आणि तो कायम आहे. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला गावेच्या गावे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच पांडव पूजले जातात आणि मग भज्जी-आंबिलीच्या पंगती बसतात. ज्याला शेत नाही, त्याला कुणी ना कुणी आग्रहाने बोलावतेच. वाटेने जाणारा परका माणूसही उपाशी सुटत नाही. आता ही तिथी सोयीच्या रविवारी सरकवली आणि ताटाला दर लावला, तर पाहुण्याला भज्जी तशीच मिळेल. पण आजवर हक्काने जेवणाऱ्या भूमिहीन शेजाऱ्याला त्या कोपीवर कोण आणि कोणत्या नात्याने बोलावणार? हा तोटा जमाखर्चात दिसत नाही, म्हणून मी त्यावर इतके लिहिले.

बदल रोखता येत नाही, असेही आपण म्हणता. रोखू नयेच, पण तो कुणी ठरवायचा, हा प्रश्न उरतो. बाली बेटावर पर्यटकांची गर्दी वाढू लागली, तेव्हा 1971 साली तिथे परिसंवाद भरवून नृत्यांचे तीन वर्ग करण्यात आले : देवळाच्या आतली, विधीला जोडलेली आणि निव्वळ करमणुकीची. पाहुण्यांपुढे तिसऱ्या वर्गातली सादर व्हावीत, असा त्यामागचा हेतू होता. सीमारेषा पुढेही धूसर होत राहिल्या (पाहुण्यांच्या स्वागतासाठी रचलेले एक नृत्य उलट देवळातच जाऊन बसले!), तरी रेष ओढणारे लोक तिथलेच होते.

आपल्याकडे ही रेष बहुधा रिसॉर्टचा व्यवस्थापक ओढतो. देवीच्या गोंधळात आधी चौक मांडून कलश बसवतात, दिवटी पेटते, गावोगावच्या देवतांना नावाने बोलावले जाते, त्यानंतर आख्यान रंगते आणि आरतीने सांगता होते. रिसॉर्टवरच्या पाहुण्यांसाठी पाऊण तासात बसवायचे म्हणून यातले आवाहन तेवढे ठेवून बाकी छाटले, तर देवीला बोलावून मध्येच उठून गेल्यासारखे होते, आणि हे त्या गोंधळ्याला आपल्या दोघांपेक्षा नीट कळते.

शेवटी आपण विचारता, मग त्याचे मानधन बंद करायचे का? मुळीच नको, वाढवावे. आणि जेवणावळीपुढे काय म्हणायचे व काय फक्त यजमानाच्या घरी म्हणायचे, हे ठरवायचे काम बुकिंग घेतानाच त्याच्याकडे सोपवावे.