आजारी पडा, पण पॉलिसी पाहून

अभिनंदन! तुमच्या जिनिंगनं, सूतगिरणीनं, पतसंस्थेनं किंवा सिमेंट कारखान्याच्या ठेकेदारानं यंदाही ग्रुप मेडिक्लेम रिन्यू केला. ई-कार्ड व्हॉट्सॲपवर आलं आहे. त्यावर गेल्या वर्षीसारखेच तीन लाख रुपये छापलेत, खाली एक हसरं चौकोनी कुटुंबही आहे. आता एवढंच करा, अटींचा कागद मागू नका. ऑफिसातल्या क्लार्कभाऊंना तो शोधताना त्रास होतो आणि तुम्हाला वाचताना होईल.

तरीही खाज असेल तर ऐका. ग्रुप पॉलिसीचा भाव मागच्या वर्षीच्या क्लेमवर ठरतो. शंभर रुपये प्रीमियम आला आणि एकशेवीसचे क्लेम गेले की विमा कंपनी दर वाढवून मागते. मालक म्हणतो, एक रुपया जास्तीचा देणार नाही. मग ब्रोकर मधे पडतो आणि दोघांचंही मन राखतो. तीन लाख तसेच ठेवतो; फक्त आईवडिलांवर वीस टक्के को-पे, म्हणजे मंजूर बिलातला तुमचा वाटा, लावतो, खोलीभाडं रोजी विमा रकमेच्या एक टक्क्यावर बांधतो, मोतीबिंदू आणि बाळंतपणाला वेगळं कुंपण घालतो. काही ठिकाणी तर आईवडीलच ‘ऐच्छिक’ होतात, म्हणजे हवे असतील तर त्यांचा प्रीमियम तुमच्या पगारातून. वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, ग्रुप पॉलिसीवरचा मात्र जागेवरच आहे. मालकाचा प्रीमियम वाढला नाही, कंपनीचा तोटा वाढला नाही, कार्डावरचा आकडा हलला नाही. सगळे खूश. तुम्हीही व्हा.

आता दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलीच, तर आधी चांगली खोली धरा. बाबांनी जन्मभर पऱ्हाटीत खस्ता खाल्ल्या, त्यांना जनरल वार्डात ठेवलं तर सोयरे काय म्हणतील? तीन लाखांचा एक टक्का म्हणजे रोजचे ३,०००. तुम्ही ४,५०० ची एसी खोली घ्या. फरक दीड हजाराचा, चार दिवसांचे सहा हजार. भरू की आपण, त्यात काय.

हर्नियाचं ऑपरेशन धरू. बिल ९०,०००. त्यात खोली १८,०००, सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग, व्हिजिट मिळून ३६,०००, औषधं २४,०००, तपासण्या १०,०००, आणि हातमोजे, मास्क, डायपर, रजिस्ट्रेशन असलं बारीकसारीक २,०००. कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचा, म्हणजे टीपीएचा हिशेब असा : ४,५०० पैकी ३,००० मंजूर म्हणजे दोन-तृतीयांश, म्हणून सर्जन आणि ओटीचेही दोन-तृतीयांशच, ३६ चे २४ हजार. खोलीचे १२. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण ३४. बारीकसारीक सगळं बाद. बेरीज ७०,०००. त्यातून बाबांचा वीस टक्के को-पे, १४,०००. कंपनी देणार ५६,०००, तुम्ही ३४,०००. हीच माणसं ३,००० च्या खोलीत राहिली असती आणि बाकी दर तेच असते, तर खिशातून गेले असते १८,४००. म्हणजे एसीची हवा पडली १५,६०० ला. सोयऱ्यांना हे सांगत बसू नका.

या प्रकरणी एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नका : ‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं खोलीप्रमाणे ऑपरेशनची फी बदलते का?’ तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशनचा दर एकच असू शकतो, मग पेशंट वार्डात झोपो की एसीत. आणि जिथं दर एकच, तिथं ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयनं २०२० मध्येच बजावून ठेवलं आहे. आयसीयूच्या खर्चावरही ती लागत नाही. दवाखान्याच्या लेटरहेडवर तसं लिहून घेतलं आणि दरपत्रक जोडलं, तर कापलेल्या बारा हजारांपैकी बाबांचा को-पे वजा जाता ९,६०० परत मागता येतात. पण एवढ्यासाठी कोण डॉक्टरांना त्रास देणार?

दवाखाना निवडताना दारावरची पाटी वाचा, बस्स. रीतसर नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का, असं पाहणं उद्धटपणाचं. नोंदणी नसेल तर विमा कंपनी खाटा मोजते. दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावात किमान दहा हव्यात, शिवाय चोवीस तास नर्स, सुसज्ज ओटी आणि पेशंटच्या रोजच्या नोंदी. विदर्भातला तालुका म्हटला की दहावाला नियम. डॉक्टर देवमाणूस असतील, तीन पिढ्यांचे ताप उतरवले असतील, पण खाटा आठ असतील आणि कागद नसेल तर त्यांच्याकडं उतरलेला ताप विम्याच्या लेखी उतरलेलाच नसतो.

कॅशलेसची, म्हणजे जिथं बिल कंपनी थेट भरते त्या दवाखान्यांची यादी उघडलीत तर नागपूर, अमरावती, अकोला अशी भरभक्कम नावं दिसतील. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसानं ती भक्तिभावानं वाचावी आणि दोनशे किलोमीटरच्या पुढचा प्रवास सुरू करावा. जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ म्हणून सोय आहे : यादीत नसलेल्या, पण किमान १५ खाटांच्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं. ठरवून करायच्या उपचारांसाठी ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या वेळी भरती झाल्यापासून ४८ तासांत. ही माहिती बिलिंग काउंटरवर बोलून दाखवलीत की तिथले लोक तुमच्याकडं अशा नजरेनं पाहतील, की पुन्हा बोलायची हिंमत होणार नाही. तेव्हा गपगुमान डिपॉझिट भरा.

केसपेपरचं काम सगळ्यांत सोपं, त्यात तुम्हाला काहीच करायचं नाही. रात्री दोन वाजता जागरणानं डोळे लाल झालेला ज्युनियर डॉक्टर विचारतो, ‘बाबा, दारू घेता का?’ बाबा भोळे, म्हणतात, ‘घेतो जी कधी पोळ्यागिळ्याले.’ कागदावर उमटतं : मद्यपानाचा इतिहास. पुढं लिव्हर, स्वादुपिंड असलं काही निघालं की टीपीएला तेवढी ओळ पुरते. तापात भरती झालात तर कागदावर फक्त ‘निरीक्षणासाठी’ लिहू द्या; घरी राहून बरं होता आलं असतं असं म्हणायला कंपनीला सोपं जातं. ताप किती होता, उलट्या किती, प्लेटलेट किती घसरल्या, सलाइनमधून कोणतं औषध द्यावं लागलं, हे आकडे लिहिले गेले की त्यांना क्लेम नाकारायला फार डोकं लावावं लागतं.

आणि फवारणीचे दिवस. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा जगाला कळलं की कापसावर मारलेलं विष माणसालाही चढतं. टीपीएला ते अजून नीटसं कळलेलं नाही. ऑफिसची नोकरी सांभाळून शनिवारी-रविवारी शेतात पंप पाठीवर घेणारे तुम्ही, भोवळ येऊन पडलात आणि केसपेपरवर नुसतं ‘कीटकनाशक विषबाधा’ लिहिलं गेलं, की पहिली क्वेरी येते : घेतलं की चढलं? स्वतःहून घेतलेलं बहुतेक पॉलिसींत बसत नाही. ‘फवारणी करताना श्वासावाटे व त्वचेवाटे, अपघातानं’ एवढे शब्द भरतीच्याच दिवशी लिहून घेतले, औषधाच्या डब्याचा फोटो काढून ठेवला आणि एमएलसीची, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीची नक्कल मागून घेतली, तर क्वेरीचं उत्तर एका मेलमध्ये संपतं. तुम्ही मात्र सुट्टी झाल्यावर, पंधरा दिवसांनी, डॉक्टरांकडं ‘थोडं दुरुस्त करून द्या जी’ म्हणून जा. दुरुस्त केलेल्या केसपेपरवर टीपीएचं फार प्रेम असतं.

नावांचंही तसंच. आधारवर बाबा गजानन, पॉलिसीत गजाननराव, सातबाऱ्यावर गजू. आईचं माहेरचं नाव सुनंदा, लग्नात झाली शीला. बँकेत एक, रेशनकार्डात दुसरी. जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जुलै. रिन्यूअलच्या महिन्यात यादी हातात असताना हे पाच मिनिटांत नीट होतं. म्हणून ते तेव्हा करायचं नाही. आयसीयूच्या दाराशी उभं राहून करायचं, तिथं रेंजही छान येते. नवी सून किंवा नवं बाळ आलं तर तीसेक दिवसांत ऑफिसला कळवायचं असतं. तुम्ही बारशाच्या गडबडीत विसरा.

दवाखान्यातून सुट्टीचा दिवस. सकाळी अकराला डॉक्टर म्हणतात, घरी न्या. डबा बांधला, चादरी भरल्या, सलाइनची सुई निघाली. फाईल टीपीएकडं गेली. दोन वाजता ‘अंडर प्रोसेस’. चारला क्वेरी : पहिल्या तपासणीची चिठ्ठी पाठवा. ती चिठ्ठी गावाकडच्या घरात, देवळीतल्या डब्यात. पाचला गावाची शेवटची एसटी गेली. अशा वेळी शांत राहा. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानं आयआरडीएआयनं कॅशलेसच्या मंजुरीला एक तास आणि सुट्टीच्या वेळच्या अंतिम मंजुरीला तीन तास घालून दिले आहेत, आणि तीन तासांपुढं दवाखान्यानं जास्तीचं भाडं लावलं तर ते विमा कंपनीनं सोसायचं आहे. फाईल किती वाजता गेली ते काउंटरवर लिहून घेणं हा अविश्वास दाखवण्यासारखा प्रकार झाला. आपण एका रात्रीचे ४,५०० भरू आणि सकाळच्या एसटीनं जाऊ.

पगार २१,००० च्या आत असेल तर प्रमोशनसाठी जीव टाका. २०,८०० पगारावर ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची तुमची वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे महिना १५६ रुपये, मालकाची सव्वातीन टक्के, ६७६ रुपये. त्यात उपचाराच्या रकमेला वरची मर्यादा नाही, को-पे नाही, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील धरलेले, आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार. दवाखाना लांब आणि रांग मोठी, हे खरं. पगार २१,५०० झाला की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते, पुढं हे सगळंही सुटतं आणि तीन लाखांचं हसरं कार्ड मिळतं. पेढे वाटा.

बाबांचं वय सत्तरच्या पुढं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढू नका. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, आधार कार्डावर. खासगी विमा असला तरी चालतं, हर्नियाच्या त्या ३४,००० चं काय झालं असतं ते मग उगाच डोक्यात येत राहतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. पांढऱ्या रेशनकार्डाचा शेतकरी आपल्या अमरावती विभागात आणि वर्ध्यात आधीपासून तिच्यात होता, आता सगळेच आहेत. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याच्या टेबलापुढून मान खाली घालून जा, आपण मेडिक्लेमवाले.

वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं सुगीनंतर खेड्यांतून ज्वारी घेऊन अख्ख्या गावाचा आरोग्य विमा चालवला. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि गावातली बहुतेक घरं आत आल्याशिवाय योजना नाही. ना ॲप, ना ब्रोकर. असल्या मागास गोष्टींपेक्षा तुमच्या नव्या पॉलिसीतलं वेलनेस ॲप पाहा : रोज दहा हजार पावलं चाललात की पॉइंट मिळतात. कापूस वेचणाऱ्या बायांना हे कळलं तर कंपनीचं दिवाळं निघेल, पण सुदैवानं त्या पॉलिसीत नाहीत.

नोकरी सोडताना शेवटच्या पगाराचा हिशेब करा, पॉलिसीचा करू नका. ग्रुपचं छत्र शेवटच्या दिवशी मिटतं. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधीच दिला तर जुन्या आजारांचा सरलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो. नंतर नवी पॉलिसी घेतली तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शुगर थांबेल की तोवर.

एवढं सगळं नीट पाळूनही क्लेम नाकारला गेला, तर तोंडी नकारावर समाधान माना. लेखी मागितला तर त्यात पॉलिसीचं नेमकं कलम लिहावं लागतं. मग तुम्ही कंपनीकडं तक्रार कराल, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. निवाडा तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये दंड, तोही तुम्हालाच. दिवसाला पाच हजार, म्हणजे त्या एसी खोलीहून पाचशे जास्त. एवढ्या मोठ्या कंपनीला असं अडचणीत आणायचं तुमच्या मनात तरी कसं येतं?