गोठ्याच्या पत्र्यांच्या कामाबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. नोव्हेंबरमधल्या गारपिटीनंतर तुमच्या गोठ्याचे सिमेंटचे पत्रे आम्ही बदलले. 14 पत्रे फुटले असताना बिल 22 चं लावलं, उरलेल्या 8 ना सिलिकॉन मारून भागलं असतं, पुढच्याच अवकाळीत गोठा गळला आणि फुटके तुकडे मागेच टाकून माणसं निघून गेली, असं तुम्ही लिहिलंय. गळती आणि तुकडे, या दोन्हींत चूक आमची आहे. 22 चा आकडा मात्र बरोबर आहे.

आधी गळतीचं. पाणी पत्र्यातून नाही, हुकांपाशी येतंय. आमच्या माणसांनी नव्या पत्र्यांना जुनेच जे-हुक (पत्रा खालच्या आडव्याला धरून ठेवणारे J आकाराचे हुक) आणि जुनेच डांबरी वॉशर (पाणी अडवणाऱ्या चकत्या) लावले. डांबरी वॉशर उन्हाने कडक होतो. एकदा सैल करून पुन्हा आवळला की चिरतो, पाणी हुकाच्या दांडीवरून पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्यावर, उतरतं आणि पर्लिनच्या कडेने वाहत लांब कुठेतरी ठिबकतं. तुमची ओल गव्हाणीवर दिसते, पण भोक तिच्या वर असेलच असं नाही. नट आणखी पिळून हे थांबत नाही. उलट पत्रा भोकापासून तडकतो, म्हणून कुणाला आवळायला सांगू नका.

बदललेल्या सर्व 22 पत्र्यांचे हुक आम्ही काढून नवे लावू, पैसे न घेता. 8 मिमीचा गॅल्व्हनाइज्ड हुक, त्याला 11 मिमीचं भोक, तेही नळीच्या उंचवट्यावर, खोलगटात कधीच नाही. पत्र्यावर आधी डांबरी वॉशर, त्यावर लोखंडी, मग नट. खालच्या-वरच्या पत्र्यांचा जोड 150 मिमीपेक्षा कमी भरला तर तो पत्राही सरकवून घेऊ, कारण वारा पाणी उलटं चढवतो. शेवटी पाइपने पाणी मारून बघायचं, खालच्या जोडापासून सुरू करून वर जात, प्रत्येक जोडावर दहा मिनिटं. वरून मारलं तर सगळीकडून पाणी येतं आणि दोष कुठला तेच कळत नाही.

आता ते 8 पत्रे. गार वरून आदळते, पण चीर पडते खालच्या बाजूला, कारण ताण तिथे येतो. वरून पत्रा धड दिसतो. बोटाच्या पेराने वाजवलं तर धड पत्रा खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. ओला केला की खाली चांदणीसारख्या काळ्या रेषा उमटतात. असा पत्रा उन्हात तापतो, रात्री निवतो, आणि त्या हालचालीत सिलिकॉनची पट्टी सुटते. शिवाय वर चढलेल्या माणसाच्या वजनाने तो सरळ आत जातो. खाली जनावरं बांधलेली असताना असा पत्रा ठेवणं आम्हाला पटलं नाही. पण काढण्याआधी तुम्हाला बोलावून एकेक वाजवून दाखवायला हवा होता, तो दाखवला नाही. ही तक्रार रास्त आहे.

माणसं येईपर्यंत ताडपत्री टाकायची असेल तर ती मोभावरून (छपराच्या माथ्यावरून) पलीकडे किमान तीन फूट उतरवा आणि दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या दोरीने खाली लोंबकळत बांधा. पत्र्यावर वजन ठेवू नका, खिळे मारू नका. चढावंच लागलं तर पर्लिन ते पर्लिन पोहोचेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला.

मागे पडलेल्या तुकड्यांना हात लावू नका. या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, कोरडे फोडले की धुळीतून छातीत जातात. हातोड्याने बारीक करून रस्त्याच्या खड्ड्यात भर घालतात, तसं तर अजिबात करू नका. आम्ही ते ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन जाऊ.