चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे!

हिमालयातल्या ओढ्यांत राहणाऱ्या पाणचिचुंद्रीवरचा लेख आवडला, पण तिला दोनदा 'पाण्यातला उंदीर' म्हटलंय ते खटकलं. चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाहीच, उंदराशी तिचं नातं साळूपेक्षाही (साळिंदरापेक्षाही) लांबचं. कुरतडणारे दातच नाहीत तिला. आमच्या अंबाजोगाईच्या जुन्या घरात ज्वारीच्या कणगीमागून ती भिंत धरून चुकचुकत जायची. एकदा मागं चार पिल्लं, प्रत्येकानं पुढच्याच्या शेपटीजवळ तोंडानं धरलेलं, जणू आगगाडीच! मांजर मारायचं, पण वासामुळं तोंड लावायचं नाही. ती धान्याला नाही, झुरळांना यायची. आजी म्हणूनच तिला मारू देत नसे.

लेखात राहिलेली एक गंमत सांगतो. पाण्याखाली वास कसा घेणार? अमेरिकेतल्या पाणचिचुंद्रीवर जीवशास्त्रज्ञ केनेथ कॅटेनिया यांनी 2006 साली दाखवलं की ती नाकातून हवेचा बुडबुडा सोडते, तो वस्तूला टेकवते आणि लगेच परत आत ओढते. बुडबुड्यातून वास येतो! अंधाऱ्या पाण्यात नाक आणि मिशांवरच सगळी भिस्त. अंगाच्या दाट केसांत हवा अडकते म्हणून ती बुडी मारताना चांदीसारखी चमकते. त्याच हवेमुळं बुचासारखी वर येते, खाली राहायला सारखे पाय मारावे लागतात. पायांच्या कडेला ताठ केसांची झालर असते, तेच तिचं वल्हं. एवढी मेहनत, म्हणून भूकही राक्षसी.

आमच्याकडं होळीलाच ओढे आटतात, इथं कुठली पाणचिचुंद्री! पुढच्या लेखात फोटो मात्र पायांचा जवळून द्या.