लिलावाच्या दिवशीही घर सोडवता येतं म्हणे!

काकांना बँकेची साठ दिवसांची नोटीस आलीये आणि ते निवांत बसलेत, कारण ग्रुपवर फिरणारा तो मेसेज. त्यात म्हटलंय की होमलोन घेतलं की घर बँकेच्या मालकीचं, एक हप्ता चुकला की बँक टाळं ठोकते, पण घाबरू नका, गहाण सोडवायचा हक्क लिलावात शेवटची बोली लागेपर्यंत असतो, त्या दिवशी थकलेले हप्ते भरा नि घर घेऊन या.

घाबरवायचंय की धीर द्यायचाय ते तरी ठरवा आधी.

मालकीचं काय ते एका ओळीत: १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार आपल्याकडच्या नेहमीच्या होमलोनमध्ये बँकेकडे फक्त तारणाचा हक्क जातो, मालक तुम्हीच. टाळ्याचंही तसंच, ९० दिवस थकल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग सरफेसीची (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, ताबा त्यानंतर.

पण ते शेवटच्या बोलीचं वाचून कुणाचं तरी घर खरंच जाईल. मान्य, पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या तारखेपर्यंत मुदत असायची, त्यामुळे हे अगदीच हवेतून आलेलं नाही. पण २०१६ मध्ये सरफेसीचं कलम १३(८) बदललं, आता लिलावाची जाहीर नोटीस छापून आली की हा हक्क संपतो. बाफना मोटर्सच्या केसमध्ये लिलाव १०५ कोटींना गेला होता, कर्जदार १२९ कोटी द्यायला तयार, मुंबई हायकोर्टाने परवानगीही दिली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, उशीर झाला म्हणून. कोट्यवधी हातात घेऊन आलेल्याला जमलं नाही, आपण लिलावाच्या दिवशी चेकबुक घेऊन जाणार!

आणि "थकलेले हप्ते" कुठून काढलं? सोडवायचं म्हणजे बँकेची सगळी बाकी, व्याज आणि खर्चासकट. नुसते हप्ते घेऊन खातं परत सुरू करायचं की नाही हे बँकेच्या मर्जीवर, त्याला हक्क म्हणत नाहीत. नोटीस देण्यातच बँकेने घोळ घातला असेल तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण ती भांडणाची वाट झाली.

काका, पेपरात ताब्याची नोटीस वेगळी येते आणि लिलावाची वेगळी, दुसरी यायच्या आत काय ते करायचंय. ६० दिवस चालू आहेत तोवर लेखी आक्षेप द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.