‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ म्हणून जे खपवलं जातंय

नागपुरातल्या कॉलेजच्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर शेअर बाजारातल्या ऑप्शनबद्दल, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या मुदतीच्या हक्कांच्या सौद्यांबद्दल, एक मेसेज फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हिशोब करून घेतली ती ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’, तो जुगार नव्हे, स्टॉपलॉस (ठरावीक भाव आला की सौदा आपोआप मोडायची सूचना) लावला की नुकसान ठरलेलं, शेतकरीही दरवर्षी रिस्क घेतोच, आणि सरकारसुद्धा ऑप्शन ट्रेडिंगला सट्टा मानत नाही. मी वाणिज्य शिकवतो. फीचे पैसे ऑप्शनमध्ये घालवून बसलेली मुलं माझ्याच वर्गात असतात, म्हणून हे लिहितो आहे.

हिशोब केला की जुगार संपतो, हे मुळातच खोटं आहे. युरोपियन रूलेटच्या चाकावर 37 घरं असतात आणि एका आकड्यावर लावलेले पैसे जिंकल्यास परत मिळतात आणि वर त्यांच्या 35 पट मिळतात. म्हणजे लावलेल्या दर 100 रुपयांतले सरासरी 2 रुपये 70 पैसे कसिनोच्या खिशात. हिशोब अगदी पक्का, तरी खेळ जुगाराचाच. हिशोब करायचा तो उत्तर बघून मागे फिरता यावं म्हणून. ऑप्शनचं उत्तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये मांडून ठेवलंय: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा, खर्च धरून, सुमारे 2 लाख. एक लाखाच्या वर नफा काढणारे जेमतेम 1 टक्का. यात नवल नाही. इथे एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, आणि दलाली व कर दोघांनाही भरावे लागतात. पलीकडे कोण बसलंय? 2023-24 मध्ये विदेशी गुंतवणूकदार आणि प्रोप्रायटरी ट्रेडर (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या दलाल कंपन्या) यांच्या नफ्यातला 96-97 टक्के वाटा अल्गोरिदमवर, म्हणजे आपोआप सौदे टाकणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर, चालणाऱ्यांचा होता. आपला पोट्टा मात्र लेक्चर सुरू असताना बाकाखाली मोबाइल धरून सौदा टाकतो.

स्टॉपलॉसबद्दल एवढंच: बाजार तुमच्या भावावर थांबला तरच तो त्या भावाला लागतो. 23 मार्च 2020 ला बाजार उघडला तोच कोसळत. थोड्याच वेळात 10 टक्क्यांचं सर्किट लागून 45 मिनिटं व्यवहार बंद राहिले आणि दिवसअखेर निफ्टी सुमारे 13 टक्के खाली होता.

शेतकऱ्याचं नाव यात ओढलेलं मला सर्वांत जास्त झोंबलं. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी पावसावर अवलंबून आहे, हे खरं. पण तो काय करतो ते बघा. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ घालतो. तुरीची मुळं खोल जातात, पीक उशिरा येतं. कपाशीला फटका बसला तर तूर थोडंफार सावरते. काटोलकडचा बागायतदार कित्येकदा संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला विकतो. भाव थोडा कमी घेतो, पण पुढच्या फळगळीची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. जोखीम वाटून घेणं, कमी करणं, दुसऱ्याला देणं यालाच ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ म्हणायचं. शिवाय हंगामाच्या शेवटी कापूस नावाची नवी वस्तू तयार झालेली असते. ऑप्शनची मुदत संपते तेव्हा फक्त एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेलेले असतात.

उरला सरकारचा दाखला. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे एफ अँड ओ व्यवहार आयकर कायद्यात ‘स्पेक्युलेटिव्ह’ (सट्ट्याचे) धरत नाहीत, हे बरोबर. पण ही विभागणी कर आकारण्यापुरती आहे. त्याच कायद्यात शेअरमधलं इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, ‘स्पेक्युलेटिव्ह’ ठरतं. धोका कमी आहे असं प्रमाणपत्र त्यातून कुणालाच मिळत नाही. उलट एफ अँड ओ हा व्यवसाय धरला जातो, म्हणून तोटा झाला तरी तो रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. मुदतीत रिटर्न भरलं तर तो 8 वर्षं पुढे ओढता येतो. ज्यांचे पैसे आधीच गेलेत, त्या मुलांनी निदान हे काम या वर्षी चुकवू नये.